कवळीला ऊन दाखवताना

जुलै उजाडला की मुलुंडच्या आमच्या घरात बुरशी हा सहावा मेंबर असतो. कपाटातल्या कातडी पट्ट्यावर, कॅम्पस इंटरव्ह्यूसाठी घेतलेल्या आणि नंतर कधीच न घातलेल्या बुटांवर, पश्चिमेकडच्या भिंतीवर, लोणच्याच्या बरणीच्या झाकणाखाली. आईचा या सगळ्यावर एकच उपाय : ऊन दाखवणे. गाद्यांना ऊन दाखव, डाळींना ऊन दाखव, बुटांना ऊन दाखव. आता जुलैत ऊन दाखवायचं तर आधी ते आपल्याला दिसायला हवं, पण हे तिला सांगणार कोण?

यंदा बुरशी निघाली ती आजोबांच्या तोंडात.

आजोबा ८१ वर्षांचे. वरची कवळी बारा वर्षं जुनी आणि अकरा वर्षांपूर्वी हृदयाची एक झडप बदललेली, धातूची. मे महिन्यापासून ते जेवताना तोंड वाकडं करायला लागले. आम्हाला वाटलं आमटी तिखट झाली असेल. मग आमटी सुटली, लोणचं सुटलं, चहासुद्धा कोमट करून पिऊ लागले. जूनपर्यंत गडी दूधभातावर आला होता. स्टेशनजवळच्या आमच्या डेंटिस्टबाईंनी कवळी काढून टाळूवर बॅटरी मारली आणि मला आत बोलावून दाखवलं. कवळी जिथे टेकते तेवढा भाग लालभडक, अगदी कवळीच्या आकाराचा. ओठांचे कोपरे फाटलेले. बाई म्हणाल्या, "फंगल आहे. कवळीखाली होतं असं. आजोबा, रात्री काढून ठेवता ना?"

आजोबा छताकडे बघायला लागले. बारा वर्षांत त्यांनी कवळी रात्री काढलेली नव्हती. "चोर आला तर ओरडायला नको का?" हे त्यांचं उत्तर.

क्लोट्रिमाझोलचं पेंट लावलं. पंधरा दिवसांत बरं वाटलं, महिन्याभरात परत पहिल्यासारखं. पुढची पायरी म्हणून बाई मायकोनाझोलचं जेल लिहून द्यायला निघाल्या, तेवढ्यात त्यांनी आजोबांची फाईल उघडली आणि पेन खाली ठेवलं. धातूची झडप असलेल्या माणसाला रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते, नाहीतर झडपेवर गुठळी होते. ती गोळी यकृतातलं एक एन्झाइम पचवून संपवतं. मायकोनाझोल आणि फ्लुकोनाझोल ही बुरशीची औषधं नेमकं त्याच एन्झाइमला अडवतात. म्हणजे गोळी तेवढीच, पण रक्तात तिचा साठा वाढत जातो. तोंडात लावायचं साधं जेलसुद्धा गिळलं जातं आणि तेवढंही पुरतं. रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आयएनआर नावाचा एक आकडा असतो, आजोबांचा अडीच ते साडेतीनच्या मध्ये राहायला हवा. तो पाच-सहावर गेला तर बाथरूममध्ये घसरून डोक्याला लागलेला साधा मारही जिवावर बेततो. त्यात जेवण कमी झालं की हा आकडा आपोआप वर सरकतो. आणि आजोबा तर दूधभातावर.

म्हणजे खाता येत नाही म्हणून धोका, आणि खाता यावं म्हणून औषध द्यावं तर त्याचाही धोका. आमच्या धंद्यात याला डेडलॉक म्हणतात.

बाई थोडा विचार करून म्हणाल्या, "लाईटने करून बघू या का?"

आजोबांनी कवळी नसलेल्या तोंडाने विचारलं, "तोंडात टॉर्च मारून बुरशी जाते होय?"

प्रश्न रास्त होता. मलाही तोच पडला होता. मग काय, पुढचे तीन वीकेंड मी याच्यातच घातले. (प्रोजेक्ट मॅनेजर हा ब्लॉग वाचत असेल तर : शनिवार-रविवारच, साहेब.)

सुरुवात आपल्या गावापासूनच करतो, कारण प्रकाशाने रोग मारायचा हा विचार मुंबईच्या विटाविटांत आहे. १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकेशियो व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला. त्यानंतर सरकारी पथकं चाळींत शिरून जे काही करत, त्यात एक काम होतं छपराची कौलं काढायचं. खोलीत ऊन यावं म्हणून. लोकांच्या डोक्यावरचं छप्पर काढणं हा काय उपाय झाला, असं आज वाटतं, आणि तेव्हा त्यावरून संतापही खूप झाला. पण त्यामागे विज्ञान होतं. १८७७ मध्येच इंग्लंडात डाउन्स आणि ब्लंट या दोघांनी दाखवलं होतं की उन्हात ठेवलेल्या नळीतले जिवाणू वाढत नाहीत, सावलीतल्या नळीतले वाढतात. प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याचे प्रमुख जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये एक नियम मांडला तो मला फार आवडला : खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांत रेघ मारा, त्या रेघेच्या वर मोकळं आकाश दिसलं पाहिजे. साडेत्रेसष्ट कुठून आलं? कॅल्क्युलेटरवर टॅन काढून बघा, जवळजवळ बरोबर २ येतं. म्हणजे समोरची इमारत मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीपेक्षा उंच नको. शंभर वर्षांपूर्वीच्या एका अधिकाऱ्याने ऊन हे औषध धरून त्याचा डोस भूमितीत लिहून ठेवला होता. आमच्या सोसायटीसमोर आता जो टॉवर उभा राहतोय, त्याला ही रेघ लावून पाहिली. जाऊ द्या, विषय वेगळा आहे.

तर उन्हाने जंतू मरतात हे खरं, पण त्यात मुख्य काम अतिनील किरणांचं. ते जंतूंच्या डीएनएवर घाव घालतात, आणि आपल्याही. आजोबांच्या टाळूवर तसले किरण मारण्यात अर्थ नाही. डेंटिस्टबाईंचा लाईट लाल होता. साधा, दिसणारा, लेसर पॉइंटरसारखा लाल. नुसत्या त्याने काहीच मरत नाही. मग काय मारतं?

याचं उत्तर एका बगमधून सापडलं. आणि तो बग अशा जातीचा आहे की कुठल्याही प्रोग्रामरला घाम फुटावा.

१८९७-९८ चा हिवाळा, जर्मनीतलं म्युनिक. (याच वेळी मुंबईत कौलं काढणं चालू होतं.) हर्मान फॉन टापायनर या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत ऑस्कर राब नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी काम करत होता. त्याचा विषय होता अ‍ॅक्रिडिन. डांबरापासून काढलेलं हे रसायन मलेरियाच्या परोपजीवीसारख्या एकपेशीय जिवांवर कितपत विषारी आहे ते बघायचं. मलेरियाच्या ऐवजी त्याने पॅरामेशियम घेतला, शाळेत जीवशास्त्राच्या पुस्तकात चपलेसारखं चित्र असायचं तोच. प्रयोग अगदी सरळ : अमुक इतकं अ‍ॅक्रिडिन टाका, पॅरामेशियम किती वेळात मरतात ते घड्याळावर बघा.

आणि आकडे जुळेनात. तेच रसायन, तेवढंच प्रमाण, तेच जीव. एका दिवशी लवकर मरतात, दुसऱ्या दिवशी कितीतरी तास जिवंत. आता आपण काय केलं असतं? पहिल्यांदा म्हटलं असतं, "माझ्या मशीनवर चालतंय." मग त्रासदायक आकडा गाळून टाकला असता. राबने तसं केलं नाही. दोन्ही दिवसांत वेगळं काय होतं ते तो शोधत बसला. सांगतात की त्यातल्या एका दिवशी जोराचं वादळ होतं, आभाळ भरून आलेलं, प्रयोगशाळेत अंधारून आलं होतं. त्याने उजेड हा इनपुट असू शकतो असं धरलं आणि प्रयोग परत लावले. काही नळ्या उजेडात, काही अंधारात. काहींत फक्त उजेड, अ‍ॅक्रिडिन नाही. काहींत अ‍ॅक्रिडिन, उजेड नाही. मारक ठरली ती फक्त दोन्हींची जोडी. १९०० मध्ये त्याने हे छापलं.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत सुंदर क्षण हा आहे. नवीन उपकरण नाही, पैसा नाही. फक्त न जुळणारा आकडा आणि तो न गाळणारा विद्यार्थी.

पुढचं टापायनरने धरलं. १९०३ मध्ये येसिओनेक या त्वचारोगतज्ज्ञाला घेऊन त्याने इओसिन हा रंग कातडीवरच्या गाठींना लावून त्यावर प्रकाश टाकून पाहिला. १९०४ च्या सुमारास त्याने आणि योडल्बाउअरने दाखवलं की ऑक्सिजन नसेल तर हे घडतच नाही, आणि या प्रकाराला 'फोटोडायनॅमिक' हे नाव दिलं. आज आपल्याला त्याची यंत्रणा नीट माहीत आहे. रंगाचा रेणू प्रकाश पितो आणि ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देतो. आपण श्वासात घेतो तोच हा ऑक्सिजन, पण ही ऊर्जा मिळाली की माथेफिरू होतो. काही मायक्रोसेकंदच जगतो आणि तेवढ्या वेळात केसाच्या जाडीचा शंभरावा भागसुद्धा धड ओलांडत नाही, पण वाटेत जे सापडेल ते जाळतो : पेशीचं आवरण, प्रथिनं, सगळं. म्हणून रंग जिथे चिकटला तिथेच मार बसतो. रंग नसलेल्या शेजाऱ्याला धक्का नाही. दिवा बंद केला की मारामारी बंद.

त्याच १९०३ साली नील्स फिन्सनला नोबेल मिळालं, कातडीच्या क्षयावर कार्बन आर्कच्या दिव्याने केलेल्या उपचारांसाठी. शंभर वर्षं सगळे धरून चालले होते की त्याच्या दिव्यातल्या अतिनील किरणांनी जंतू मेले. २००५ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी फिन्सनची भिंगं नि गाळण्या तपासल्या, तर मारक अतिनील किरण त्यांतून पार होतच नव्हते. त्यांचा निष्कर्ष असा की क्षयाच्या जंतूंमध्ये मुळातच पॉर्फिरिन नावाची रंगद्रव्यं असतात, त्यांनी दिव्याचा प्रकाश प्यायला आणि राबच्या पॅरामेशियमचं झालं तेच त्यांचं झालं. म्हणजे प्रकाशोपचाराचं पहिलं नोबेल ज्या उपचाराला मिळालं, तो बहुधा रंगाचाच खेळ होता, आणि देणाऱ्याला वा घेणाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता.

मग एवढं सगळं १९०४ लाच कळलं असताना ते ऐंशी-नव्वद वर्षं गेलं कुठे?

एक कारण भीती. १९१२ मध्ये फ्रीडरिश मायर-बेट्झ या जर्मन डॉक्टरने २०० मिलिग्रॅम हिमॅटोपॉर्फिरिन स्वतःलाच टोचून घेतलं आणि उन्हात गेला. चेहरा आणि हात एवढे सुजले की फोटोत माणूस ओळखू येत नाही, आणि पुढे कित्येक आठवडे त्याला ऊन सोसेना. रक्तात रंग सोडला तर अख्खं शरीरच निशाणा होतं, हा धडा त्याने स्वतःच्या कातडीवर शिकवला. पण खरं कारण दुसरं. १९३५ नंतर सल्फाची औषधं आली, मग पेनिसिलिन आलं. गोळी गिळली की जंतू मरत असतील तर दिवे कोण लावत बसणार?

आणि नेमक्या याच औषधांनी तोंडातल्या बुरशीला चांगले दिवस आणले.

आपल्या तोंडात राहणारी ही बुरशी, कॅन्डिडा अल्बिकन्स, निम्म्याअधिक निरोगी माणसांच्या शरीरात गप्प बसून असते. नावच बघा. रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा पांढराशुभ्र 'टोगा कॅन्डिडा' घालायचा, त्यावरून इंग्रजीतला कॅन्डिडेट आला. १९२३ मध्ये क्रिस्टीन बर्कहाउट या डच बाईने बुरशीच्या या कुळाला त्यावरून कॅन्डिडा नाव दिलं. अल्बिकन्स म्हणजेही पांढरी होणारी. म्हणजे 'पांढरी पांढरट'. आणि उमेदवारासारखीच ही जागा रिकामी व्हायची वाट बघत असते. प्रतिजैविकांनी तोंडातले जिवाणू मारले की ही निवडून येते. मधुमेह असो, एड्स असो, केमोथेरपी असो, किंवा रात्रंदिवस टाळूला चिकटलेली कवळी असो, हिला फक्त मोकळी जागा हवी.

१९४० च्या दशकात प्रतिजैविकं सर्रास झाली तशी ही जास्तच उपटू लागली, आणि हिला मारणारं तर काहीच नव्हतं. जेन्शन व्हायोलेट होतं. लहान बाळाच्या तोंडात बोटाने लावायचं ते जांभळं औषध, आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक असलेलं. तोही एक रंगच बरं का! बुरशीचं अवघड असं की ती जिवाणूंपेक्षा आपल्या जवळची नातेवाईक आहे. तिच्या पेशीतही आपल्यासारखंच केंद्रक असतं. तिला विष द्यावं तर ते आपल्यालाही लागतं. तिच्या आवरणात एर्गोस्टेरॉल असतं आणि आपल्या आवरणात कोलेस्टेरॉल, एवढा फरक. बुरशीची बरीचशी औषधं या एका फरकावर उभी आहेत.

तो फरक पकडणारं पहिलं कामाचं औषध अमेरिकेत दोन बायकांनी शोधलं. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात बसून मातीतले जीव वाढवायची, रेचल ब्राउन ऑल्बनीत बसून त्यांतली रसायनं वेगळी करायची, आणि नमुने काचेच्या बरण्यांतून पोस्टाने जा-ये करायचे. व्हर्जिनियातल्या एका ओळखीच्या शेतातल्या मातीतून १९५० मध्ये निस्टॅटिन निघालं. नाव न्यूयॉर्क स्टेटवरून. त्याच्या हक्कांतून एक कोटी तीस लाख डॉलर आले, ते दोघींनी संशोधनाला देऊन टाकले. स्टॉक ऑप्शन्सवर तासन् तास चर्चा करणाऱ्या आम्हा लोकांना हे वाचून जरा ओशाळायला होतं.

पण मला खरी गंमत वाटली ती पुढची. आपल्या पिंपरीची. १९५४ मध्ये युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने तिथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि १९५५ पासून पेनिसिलिन बनवू लागली. पुण्याला जाताना लोकलवाले 'एचए' म्हणतात ते स्टेशनजवळचं आवार. तिथे एम. जे. तिरुमलाचार हे बुरशीशास्त्रज्ञ संशोधन बघत. त्यांना आणि सहकाऱ्यांना मातीत एक स्ट्रेप्टोमायसिस सापडला. त्याचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. हो, पिंपरीवरून! त्यातून निघालेलं बुरशीनाशक १९६१ मध्ये जाहीर झालं : हॅमायसिन. त्यातला 'हॅ' हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा. निस्टॅटिनच्याच घराण्यातलं, एर्गोस्टेरॉल धरून आवरणाला भोकं पाडणारं. तोंडातल्या आणि कातडीवरच्या बुरशीसाठी ते वापरलं गेलं, अमेरिकेतही त्यावर चाचण्या झाल्या. न्यूयॉर्कचं नाव मिरवणारं औषध जगाला माहीत आहे, पिंपरीचं नाव मिरवणारा जीव किती पुणेकरांना माहीत आहे? मी ऑफिसात पाच जणांना विचारलं, त्यांतले दोघे चिंचवडचे. पाचही जणांना पिंपरी म्हणजे फक्त मोटारी. पेनिसिलिनमुळे जी बुरशी वाढते, तिचं औषध पेनिसिलिनच्याच कारखान्याने काढलं, हा योग तर कादंबरीत शोभेल असा. कंपनी नव्वदच्या दशकात आजारी उद्योगांत गेली, ती कहाणी वेगळी आणि दुःखाची.

त्याच घराण्यातलं थोरलं औषध म्हणजे अ‍ॅम्फोटेरिसिन. २०२१ च्या मे महिन्यात काळ्या बुरशीच्या साथीत ज्याच्या एकेका कुपीसाठी आपण सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फॉरवर्ड करत होतो, तेच. (ती म्युकर, ही कॅन्डिडा. ती हाडात शिरते, तिथे लाल दिव्याचं काही चालत नाही. गोंधळ नको.) तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की बुरशीवरच्या औषधांची घराणी बोटांवर मोजण्याएवढी आहेत. आणि त्यांना न जुमानणाऱ्या जाती वाढताहेत. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बुरशींची पहिली धोक्याची यादी काढली, तिच्या सर्वांत वरच्या गटात आपली घरगुती अल्बिकन्सही आहे.

या कोंडीमुळे नव्वद वर्षांनी राबची आठवण झाली. लंडनच्या ईस्टमन दंतसंस्थेत मायकेल विल्सन हिरड्यांच्या जिवाणूंवर रंग आणि लेसरचे प्रयोग करत होते. १९९३ मध्ये त्यांनी कॅन्डिडाही तशीच मरते हे दाखवलं. तोंड ही या उपचाराला अगदी सोयीची जागा. मायर-बेट्झसारखं रक्तात काही सोडायला नको, रंग वरून लावायचा. बुरशीही वरच्याच थरात. दिवा सहज पोचतो. रंगही जुना ओळखीचा : मेथिलीन ब्लू, १८७६ मध्ये हाइनरिश कारोने कापड रंगवायला बनवलेला. रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दिसावा म्हणून हाच वापरला, पाउल एर्लिशने १८९१ मध्ये हाच मलेरियाच्या दोन रुग्णांना दिला, आणि घाटकोपरला माशांच्या टाक्या विकणारा आमचा दुकानदार माशांना बुरशी आली की हाच देतो. हा रंग नेमका लाल प्रकाश पितो, म्हणून तर निळा दिसतो. आणि मारा एका जागी न होता सगळीकडून होतो, त्यामुळे बुरशीला त्यातून सुटायची युक्ती शोधणं अवघड. एका कुलपाची किल्ली बनवता येते, घरच पेटलं तर काय करणार?

२००२ मध्ये टेक्सासात प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांच्या तोंडातली कॅन्डिडा मेथिलीन ब्लू आणि लाल लेसरने साफ झाली. २०१२ मध्ये ब्राझीलमध्ये कवळीवाल्या ४० माणसांवर चाचणी झाली, अगदी आजोबांच्या दुखण्याची. तिथे वेगळा रंग आणि निळा दिवा होता. अर्ध्यांना पंधरा दिवस दिवसातून चार वेळा निस्टॅटिन, अर्ध्यांच्या टाळूला आणि कवळीला सहा वेळा प्रकाश. निस्टॅटिनने ५३ टक्के बरे झाले, प्रकाशाने ४५. म्हणजे जादू नाही. साधारण औषधाइतकंच, आणि दोन्हीकडे अनेकांना परत झालंच. मला हा निकाल निराशेचा वाटला नाही. ज्याला औषध चालतं त्याने औषध घ्यावं. पण ज्याच्या फाईलमध्ये बघून डॉक्टर पेन खाली ठेवतात, त्याच्यासाठी 'औषधाइतकंच' हा शब्द फार मोठा आहे. रंग आणि दिवा यकृताच्या वाटेलाच जात नाहीत.

हे सगळं मी आजोबांना जमेल तसं सांगितलं. त्यांनी राबची गोष्ट दोनदा ऐकली. मग म्हणाले, "म्हणजे तुझ्या त्या पोराने ढग मोजले. चल, जाऊ."

दोन आठवड्यांत चार वेळा गेलो. बाईंनी टाळूला निळा रंग लावला, पाच मिनिटं थांबल्या, सगळ्यांना चष्मे दिले, आणि पेनासारख्या कांडीने एकेक जागा धरून लाल उजेड दिला. दुखलं नाही. कवळीच्या आतल्या बाजूलाही रंग लावून तोच उजेड दिला, कारण बुरशीचं खरं बिऱ्हाड कवळीच्या अ‍ॅक्रिलिकमधल्या बारीक भोकांत असतं. आजोबांची जीभ संध्याकाळपर्यंत निळी. सोसायटीच्या बाकावर बसून ते सगळ्यांना दाखवायचे, "नीलकंठ झालोय मी."

सोबत बाईंनी दम भरला : रात्री कवळी काढायची, ब्रशने घासायची, पाण्यात ठेवायची. ओठांच्या कोपऱ्यांना लावायला साधं मलम. आणि आठवड्याला आयएनआर.

ऑगस्टच्या शेवटी टाळू गुलाबी झाली. आयएनआर तीनच्या आसपासच राहिला. गणपतीत आजोबांनी ऋषीची भाजी दोनदा मागून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी तिखट आमटीही. आईने डोळे पुसले ते आमटीच्या ठसक्याने, असं तिचं म्हणणं.

मला मात्र एक गोष्ट छळतेय. दिवा, कवळीची सफाई, रात्रीची विश्रांती, हे सगळं एकदमच सुरू झालं. एकाच रिलीजमध्ये तीन बदल. बग कशाने गेला ते कसं सांगणार? राबने चारही प्रकारच्या नळ्या लावल्या होत्या. मला एकच आजोबा. मी बाईंना हे बोललो तर त्या हसून म्हणाल्या, "मलाही सांगता येणार नाही. आणि रात्रीची कवळी परत सुरू झाली तर माझा दिवा हरेल, एवढं लिहून देते."

परवा ढग हटले. आईने बूट, पट्टे, गाद्या सगळं बाल्कनीत काढलं आणि आत येऊन वाटीतली कवळी उचलली. "हिलाही जरा दाखवू का ऊन?" मी ओरडलोच. वाळली की कवळी वाकडी होते, हे बाईंनी बजावून सांगितलं होतं. आईने ती परत पाण्यात ठेवली, स्टीलच्या वाटीवर बशी झाकली, आणि वाटी तेवढी सरकवून खिडकीशी ठेवली.